कापसाची पट्टी हातात आली की: देवाचा पैसा सांभाळायची रीत

पहिल्या वेच्याची पट्टी, म्हणजे कापूस विकल्याच्या हिशेबाचा कागद, हातात पडली की आमच्या चर्चच्या मंडळीतली नवी जोडपी माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो: "काकू, दशमांश कशावर काढायचा? सगळ्या पैशावर, का खर्च वजा जाता?" दशमांश म्हणजे उत्पन्नातला देवाचा दहावा हिस्सा. मी मंडळीची खजिनदार, शिवाय घरी कोरडवाहू वावर, त्यामुळे दोन्हीकडचं मला ठाऊक असेल असं त्यांना वाटतं. दरवर्षी ओसरीवर बसून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आमचा भाग अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचा, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारट, पिकाला देता येत नाही, म्हणून विहीर खोदून इथं काही साधत नाही. पाऊस आला तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नाही तर उधारी. असल्या मुलखात "देवावर भरवसा ठेवा" हे वाक्य फार स्वस्तात बोललं जातं, आणि बोलणाऱ्याचा पगार बहुतेक वेळा एक तारखेला खात्यात पडलेला असतो. मी भरवशाच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की घरात हिशेबाची वही नसेल, तर आपण भरवसा ठेवतोय का डोळे मिटून बसलोय, हे आपलं आपल्यालाही कळत नाही.

वही जूनमध्येच घाला

वही कापूस आल्यावर घालायची नसते. मृग लागायच्या आत दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या पानावर घरात आत्ता किती आहे आणि कुणाचं किती देणं आहे ते लिहा. डाव्या पानावर खर्च: बियाण्याच्या पिशव्या, खत, डवऱ्याचं भाडं, निंदणाच्या बायांचे रोज, प्रत्येक फवारा, वेचणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई. उजव्या पानावर आलेला पैसा, आणि तो कुठून आला हे शेजारी. कृषी केंद्राची उधारी ज्या दिवशी उचलली त्याच दिवशी खर्चात लिहा, फेडाल त्या दिवशी नव्हे. नाही तर दिवाळीपर्यंत वही श्रीमंत दिसते आणि माणूस कर्जात असतो.

वही नवराबायको दोघांनी लिहावी. आमच्याकडे हे खर्चाचं पान लिहितात आणि जमेचं मी. दर शनिवारी संध्याकाळी दोन्ही पानं वाचून मग प्रार्थना. प्रार्थनेआधी वही वाचली की "प्रभू, आम्हाला पुरव" असं मोघम मागणं बंद होतं. मग "प्रभू, बुधवारी निंदणाचे बाराशे द्यायचे आहेत, हातात पाचशे आहेत" असं मागता येतं. असं मागितलं की आपण स्वतः काय करू शकतो तेही त्याच बैठकीत सुचतं.

बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तीन दासांचा दाखला आहे. धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या तिसऱ्या दासाला आपण उपदेशात भरपूर नावं ठेवतो. पण त्याला निदान धन्याचं किती होतं ते माहीत होतं, त्याने ते जसंच्या तसं परत आणून दिलं. गेल्या हंगामात किती आले आणि किती गेले, असं आमच्या मंडळीत विचारून बघा. निम्मे लोक त्या दासाच्याही मागे निघतील.

दशमांश कशावर

बायबलच्या लेवीय पुस्तकात जमिनीच्या उपजाचा दहावा भाग परमेश्वराचा असं लिहिलं आहे, म्हणून काही पास्टर पूर्ण पट्टीवर दशमांश सांगतात. त्यांचा मान राखून मी वेगळं सांगते. त्या काळचा शेतकरी उधारीवर बियाण्याच्या पिशव्या आणत नव्हता. आज पट्टीवरच्या आकड्यात दुकानदाराचा आणि बँकेचा पैसा मिसळलेला असतो. दुसऱ्याच्या पैशातून अर्पण देणं मला पटत नाही.

समजा चार एकर कपाशी, एकरी पाच क्विंटल, म्हणजे २० क्विंटल. भाव ७,००० धरला तर आले १,४०,०००. एकरी वीस हजार खर्च धरला तर गेले ८०,०००. उरले ६०,०००, त्याचा दशमांश ६,०००. पूर्ण पट्टीवर काढला असता तर १४,००० झाला असता, म्हणजे उरलेल्यातला जवळजवळ चौथा हिस्सा. ज्याला तेवढं आनंदाने द्यायचं त्याने खुशाल द्यावं. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडतं म्हणून नको. पण चौदा हजार देऊन फेब्रुवारीत सावकाराच्या दारात उभं राहायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं, हे माझ्या वहीत बसत नाही.

यात एक गोष्ट मात्र मी कडक सांगते. घरच्यांची मजुरी खर्चात धरायची नाही. स्वतःच्या निंदणाचे रोज लावून खर्च फुगवला की दशमांश शून्यावर आणता येतो. हिशेबात हुशार माणसं आमच्याकडेही आहेत.

आता अडचण अशी की कापूस एकदम विकला जात नाही. पहिला वेचा, दुसरा वेचा, कधी गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला, कधी बाजार समितीत, कधी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर. खरा नफा शेवटी कळतो. म्हणून दर विक्रीला हजारामागे चाळीस रुपये वेगळ्या डब्यात टाका. वरच्या उदाहरणात असे ५,६०० जमतील. शेवटची पट्टी आली की हिशेब मिळवा आणि कमी पडलेले चारशे घाला. डबा धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका, तिथे सगळ्यांचा हात जातो. आणि अर्धी पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली, नफा काहीच नाही, तर दशमांश शून्य. लाजायचं कारण नाही. कापणीच्या सणाला पायलीभर तूर घेऊन या. आमच्याकडे एक म्हातारी आली होती, पदराखाली पिशवी, मला हळूच म्हणाली, "माई, पैसे नाई, तूर आनली. चालते का?" चालते. वहीत तिच्या नावापुढे "तूर, १ पायली" लिहिलं आणि पावती दिली, जशी हजारवाल्याला देतो तशीच. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूचं लक्ष गेलं, तर तिची नोंद ठेवायला खजिनदाराला काय जड आहे?

पीककर्ज हे उत्पन्न नव्हे, त्यावर दशमांश नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार हे मात्र उत्पन्न, त्यावर आहे. बचत गटातून उचललेल्या पैशातून अर्पण कधीच नाही. कर्ज काढून "बी पेरा, देव शंभरपट देईल" असं सांगणारा कुणी मोठ्या स्पीकरवर आला, तर त्याला विचारा की तो स्वतः कोणत्या बँकेतून पेरतो.

पैसा कोणत्या क्रमाने सोडायचा

पट्टीचे पैसे घरी आले की त्याच संध्याकाळी वेचणाऱ्या बायांची मजुरी. किलोवर ठरलेली असते, तराजू त्यांच्यासमोर लावलेला असतो, तरी "पट्टी आली की देऊ" म्हणून आठवडे काढणारी ख्रिस्ती घरंही मी पाहिली आहेत. मजुराची मजुरी रातभर आपल्याजवळ ठेवू नये असं लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरी ओरडते असं आहे. मजुरी अडवून दिलेलं अर्पण मी खजिनदार म्हणून घेते, कारण मला कळत नाही. देवाला कळतं.

मग डबा. मग देणी. बायबलच्या दुसरे राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका कर्जबाजारी विधवेचं तेल चमत्काराने वाढलं, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने तिला क्रम सांगितला: तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्कार झाल्यावरसुद्धा कर्ज आधी. पीककर्ज मुदतीत भरलं की व्याजात सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाला कर्ज उभं राहतं. नवं-जुनं, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडणं, करत राहिलात तर दरवर्षी व्याजावरच वावर पेरत बसाल. त्यानंतर पुढच्या पेरणीचं बियाणं-खताचं बाजूला, घरात नको, बँकेत. मग घर, कपडे, पोरांची फी, लग्नाकार्याचा आहेर. आहेर शेवटी आला म्हणून सासरची मंडळी रागावतात. रागावू द्या.

साठवणं म्हणजे अविश्वास का, असं पोरं विचारतात. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात घातला, त्याला कुणी अविश्वासी म्हटलं नाही. कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताला मात्र देवाने मूर्ख म्हटलं. एकाने दुष्काळात इतरांना पोसायला साठवलं, दुसऱ्याने स्वतःच्या जिवाला "खा, पी, मजा कर" म्हणायला. आपली साठवण कशासाठी आहे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

भरवसा कुठे, परीक्षा कुठे

जूनचा पहिला शिरवा पडला की गावात घाई सुटते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी धूळपेरणी होते, आणि आमची माणसं तिला वर "विश्वासाने पेरलं" म्हणतात. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितलं तेव्हाही वचनाचाच आधार दाखवला होता. प्रभू म्हणाला, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. पिशवी कोरड्या मातीत टाकून आभाळाकडे बघणं त्याच जातीचं. दुबार पेरणीची दुसरी पिशवी देव पाठवत नाही, कृषी केंद्रवाला देतो, उधारीवर.

पीक विम्याचंही तसंच. एक रुपयात विमा २०२३ मध्ये आला तेव्हा सगळ्यांनी काढला. २०२५ च्या खरिपापासून ती सोय गेली, कपाशीला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आला, आणि लगेच काहींना आठवलं की विमा काढणं अविश्वासाचं आहे. एक रुपयाला विश्वास आड येत नव्हता. जमत असेल तर काढा. मुदत बहुधा जुलैअखेर असते, पण दरवर्षी विचारून घ्या.

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्याकडे भरवशाच्या उपदेशात हमखास येतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या, आणि एवढ्यांचं पोट प्रार्थनेवर चालवलं. हे खरं. पण त्याच केडगावात त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला, मुलींना कामं शिकवली. उपदेश करणारे प्रार्थना सांगतात आणि विहिरी विसरतात. आम्हा खारपाणवाल्यांना विहिरीचा उपयोग नाही, तर शेततळं आहे, बांध आहे, सप्टेंबरच्या ओलीवर हरभरा आहे. जे आपल्या हातात आहे ते करून झोपा. पाऊस, भाव आणि अळी यांची काळजी त्याच्याकडे द्या, तीही नावं घेऊन.

फरदड

कारभारीपण खरं कळतं ते डिसेंबर-जानेवारीत. पऱ्हाटीवर शेवटची चार-दोन बोंडं असतात, एखादं पाणी मिळालं की पुन्हा पात्या लागतात, आणि माणसाला वाटतं, काढायची कशाला, अजून क्विंटलभर निघेल. हीच फरदड. खारपाणात पाणी नसलं तरी पऱ्हाटी मार्चपर्यंत तशीच उभी ठेवणारे आहेत. त्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते, खाते आणि पुढच्या हंगामाला तयार होते. २०१७ ला तिने विदर्भात काय केलं ते ज्यांनी बोंड फोडून पाहिलं त्यांना सांगायला नको: बाहेरून हिरवं, टंच, आणि आत गुलाबी अळी, किडका पिवळा कापूस, पोकळ सरकी. बोंड हातात घेऊन कळत नाही, फोडावंच लागतं.

फरदडीत आपला नफा क्विंटलभर, आणि नुकसान शेजाऱ्याचंही, कारण पतंग बांध ओळखत नाही. म्हणून डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत पऱ्हाटी उपटा, पऱ्हाट्यांचे शेतात ढीग घालून ठेवू नका, सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या आसपास वावर असेल तर आणखी जपा. शेळ्यावाल्यांना आधी चरू द्या. लेवीय सांगतो की शेताच्या कडा कापू नका, सरवा गरिबासाठी सोडा. बायबलमधली विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली. आमच्याकडे शेवटच्या वेच्याची जमिनीवर पडलेला कापूस कुणी विधवा बाई वेचून नेते. तिला हाकलून पुन्हा फरदड ठेवणारा माणूस वचनाच्या दोन्ही बाजूंनी पडतो.

फवाऱ्याचंही इथेच सांगते. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. मजुराला हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा दिल्याशिवाय वावरात पाठवू नका, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू देऊ नका, दोन औषधं आपल्या मनाने मिसळू नका. वावर देवाचं म्हणता, तर त्यातला माणूस आधी देवाचा आहे.

मंडळीचा पैसा

आता मंडळीच्या पैशाबद्दल, आणि इथे मी जास्त बोलणार. घरचा पैसा चुकला तर घर सोसतं, मंडळीचा चुकला तर मंडळी फुटते.

रविवारची थैली एकट्याने मोजायची नाही. उपासना झाली की तिथेच, टेबलावर, दोघांनी. ते दोघे एकाच घरातले नकोत. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, आकडा कागदावर, दोघांच्या सह्या, मग वहीत. पाकिटातून आलेलं अर्पण नावाने, थैलीतलं एकत्र. सोमवारी बँकेत. आठवडाभर खजिनदाराच्या घरी पैसे पडले की खजिनदाराच्या घरची अडचण त्याच आठवड्यात येते, हा अनुभव जगभरचा आहे.

कुणी म्हणेल, एवढा अविश्वास कशाला? दुसऱ्या राजेचा बारावा अध्याय उघडा. यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पैसा जमला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत आणि थैल्यांत बांधत. त्याच अध्यायात पुढे लिहिलंय की कामकऱ्यांना पैसे देणाऱ्यांचा हिशेब घेत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत. मंडळीच्या एका पंचाने मला नेमकी तेवढीच ओळ दाखवली. मी त्याला वरची ओळ वाचायला लावली. आणि पौलाने यरुशलेमची मदत नेताना आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, का, तर एवढ्या मोठ्या देणगीत कुणी दोष लावू नये म्हणून. प्रेषिताला साक्षीदार लागले, तर मला लागायला लाज कसली?

आपल्या वर्ध्यातच या कामाचा माणूस होऊन गेला. जे. सी. कुमारप्पा, तंजावरचे ख्रिस्ती, शिकलेले हिशेबतपासनीस, मगनवाडीत राहून ग्रामोद्योग संघाचं काम पाहिलं. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्यांच्या जेवणाला त्यांनी रोजची मर्यादा घालून दिली, आणि गांधीजी आपल्या मंडळींसह आले तेव्हा त्यांचा खर्च निधीतून करायला नकार दिला. गांधीजींनी ते मानलं. पास्टर साहेबांना पेट्रोलची पावती मागताना माझी जीभ अडखळली की मी हे आठवते.

कापणीच्या सणाचा लिलाव ही आमची मोठी गंमत आणि मोठी डोकेदुखी. ढेमसं, कोहळा, हरभऱ्याची पेंडी, गावरान कोंबडा, एखाद्या घरचा लोणच्याचा डबा. बोली चढते, एक लिंबू दोनशेला जातं, टाळ्या पडतात, आणि वस्तू घेऊन माणूस घरी. पैसे? "देऊ काकू." पुढच्या सणापर्यंत. म्हणून लिलावाजवळ एकाला वही घेऊन बसवा, बोली सुटली की नाव आणि रक्कम जागीच लिहा, रोख नसेल तर मंडळीच्या खात्याचा क्यूआर समोर लावा. खजिनदाराच्या किंवा पास्टरच्या स्वतःच्या फोनपेवर एक रुपयाही नको, कितीही सोपं वाटलं तरी. आणि बाकी राहिलेल्यांची नावं भिंतीवर लावू नका, घरी जाऊन मागा. भिंतीने पैसा येतो, माणूस जातो.

बँकेत दोन सह्यांचं खातं असावं, तिसरी सही राखीव. मंडळी ट्रस्टखाली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आणि तपासलेला हिशेब लागतोच, वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी जमाखर्च वाचून दाखवा, मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद दाराशी लावा. नोकरीवाले लोक करसवलतीसाठी पावती मागतात, त्यांना सांगून ठेवा की दोन हजारांवरचं रोख दान त्यात धरलं जात नाही, आणि सवलतीसाठी ट्रस्टकडे आयकर खात्याची मान्यता लागते.

मंडळीच्या पैशातून हातउसने द्यायची मागणी येणारच. दवाखाना, लग्न, कधी पास्टर साहेबांच्या मुलाची फी. गरज खरी असते म्हणूनच अवघड जातं. उसने देऊ नका. कमिटी बसवा, मदत म्हणून किती द्यायचे ते ठरवा, ठराव लिहा आणि परत मागायचे नाहीत अशा बोलीने द्या. कमी द्यावे लागले तरी चालेल. कर्जदार आणि खजिनदार एकाच बाकावर उपासनेला बसू शकत नाहीत, दोघांपैकी एक जण यायचा बंद होतो.

आणि तुमची मुदत संपली की नव्या खजिनदाराला वर्षाच्या मध्यात, घाईघाईत, घरी बोलावून पिशवी देऊ नका. कमिटीसमोर हातातली रोख मोजा, पासबुकावरची शिल्लक वहीशी मिळवा, वापरलेली आणि कोरी दोन्ही पावतीपुस्तकं नंबर लिहून द्या, चेकबुक द्या, देणेकऱ्यांची यादी द्या, दोघांनी आणि एका साक्षीदाराने सही करा. बँकेत सह्या बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, आणि तुमच्या फोनमध्ये मंडळीच्या खात्याचं ॲप असेल तर ते सगळ्यांसमोर काढून टाका.